फ्रेज कशी पकडायची: बोलण्यात, गाण्यात आणि कथकमध्ये (नव्याने ऐकणाऱ्या-शिकणाऱ्यांसाठी)

गाण्याच्या किंवा कथकच्या क्लासला नुकतंच जायला लागलेले, किंवा क्लासबिस काही नाही पण यूट्यूबवर मैफिली ऐकायला लागलेले लोक हमखास एक गोष्ट विचारतात, की ऐकायला छान वाटतं पण नेमकं काय चाललंय ते कळत नाही, आणि शेजारचे काका मध्येच 'वा!' म्हणतात ते कशाला म्हणतात? बहुतेक वेळा कारण एकच असतं. आपण सुटे स्वर, सुटे बोल, सुट्या स्टेप्स ऐकत-बघत असतो आणि काका फ्रेज ऐकत असतात. फ्रेज म्हणजे काही स्वर किंवा बोल किंवा हालचाली मिळून झालेला असा तुकडा की जो एकत्र असला तरच त्याला अर्थ आहे. आपल्याकडे गाण्यात याला स्वरसमूह म्हणतात, स्वरवाक्य म्हणतात, मैफिलीत बसलेले लोक सरळ 'जागा' म्हणतात, काय जागा घेतली बघ. तबल्यात मुखडा, तुकडा, तिहाई. कथकमध्ये आमद, तोडा, परण. नावं बरीच आहेत पण पकडायची पद्धत बऱ्यापैकी सारखीच आहे, ती खाली लिहितोय. घाई करू नका, एकेका पायरीला आठवडाभर दिला तरी चालेल.

पायरी १: आधी आपल्या बोलण्यातली फ्रेज ऐका

गाण्याकडे जायच्या आधी भाषेपासून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण तिथे तुमचा कान आधीच तयार आहे, फक्त तुम्हाला ते माहीत नसतं. 'डोळा' हा एक शब्द घ्या. डोळा लागला म्हणजे झोप लागली. डोळे लागले म्हणजे कुणाची तरी वाट बघतोय. डोळ्यात भरलं म्हणजे आवडलं, डोळ्यात खुपलं म्हणजे सहन होत नाही, डोळेझाक केली म्हणजे दिसूनही बघितलं नाही. शब्द तोच, पण शेजारी काय आलं त्यावर सगळं ठरतं, आणि नुसत्या 'डोळा' शब्दाचा अर्थ कितीही पाठ केला तरी यातलं काहीच हाताला लागत नाही. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा कारण पुढे 'ग' या स्वराचं आणि पताका नावाच्या हस्तमुद्रेचं अगदी हेच होणार आहे.

दुसरी गोष्ट, फ्रेज कुठे तुटते ते. हे वाक्य मोठ्याने म्हणा: तिने हसत येणाऱ्या मैत्रिणीला हात केला. आता हसतंय कोण? 'तिने हसत' म्हणून थांबलात तर ती हसतेय, 'तिने' म्हणून थांबलात आणि 'हसत येणाऱ्या मैत्रिणीला' एका दमात म्हटलंत तर मैत्रीण हसतेय. शब्द एकही बदलला नाही, फक्त श्वास कुठे घेतला ते बदललं. हे दोन्ही प्रकारे म्हणून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. हाच कान गाण्यात लागतो.

मग एक अभंग घ्या. तुकारामांचा 'सुंदर ते ध्यान' सगळ्यांना येतो, तोच घ्या, आणि अक्षरं बोटांवर मोजा. सुंदर ते ध्यान, ६. उभे विटेवरी, ६. कर कटावरी, ६. ठेवोनिया, ४. हा मोठ्या अभंगाचा साचा आहे, ६-६-६-४, आणि यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात, विटेवरी-कटावरी. पहिले तीन तुकडे सारखे जातात, कान आता चौथाही ६चाच येणार म्हणून तयार होतो आणि तिथे ४च अक्षरं येतात, त्यामुळे ओळ टेकते, पुढच्या ओळीआधी दम घ्यायला जागा मिळते. वारीत हजारो माणसं एकत्र म्हणतात तेव्हा कुणी कुणाला खूण करत नाही तरी सगळे एकाच जागी श्वास घेतात, ते या रचनेमुळे. टाळ्या वाजवत दहा-बारा वेळा म्हणा, म्हणजे तुकडा सुरू होणं, चालणं आणि टेकणं या तिन्ही गोष्टी अंगात बसतील. पुढे सगळीकडे याच तीन गोष्टी शोधायच्या आहेत.

पायरी २: राग म्हणजे सरगम नाही, एक जोडी घेऊन बसा

नवीन माणूस रागाचे स्वर पाठ करतो, आरोह-अवरोह पाठ करतो, आणि तरी राग ओळखता येत नाही. येणारच नाही, कारण एकाच स्वरांचे वेगवेगळे राग असतात. सगळ्यात चांगला नमुना म्हणजे भूप आणि देशकार. दोन्हीत सा रे ग प ध हे पाचच स्वर, सगळे शुद्ध, म आणि नि दोघांतही नाही. कागदावर लिहिलं तर फरक दिसणार नाही. पण भूप संध्याकाळनंतर गायचा आणि देशकार सकाळी, भातखंडे यांच्या पद्धतीत भूप कल्याण थाटात (थाट म्हणजे रागांचा गट) आणि देशकार बिलावल थाटात, आणि भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग तर देशकाराचा ध. ही झाली परीक्षेची माहिती, ती लिहून मार्क मिळतात पण ऐकू काही येत नाही. ऐकू येतं ते फ्रेजमधून:

भूप: ग रे, सा ध़, सा रे ग, प ग, ध प ग, रे, सा

देशकार: सा, ग प ध, ध प, ग प ध प, ग रे सा

(ध च्या खाली टिंब असलं की तो खालच्या सप्तकातला ध. आणि स्वल्पविराम म्हणजे तिथे थोडं थांबायचं, त्याकडे दुर्लक्ष करू नका, स्वरलिपीत मला तरी तेच सगळ्यात महत्त्वाचं चिन्ह वाटतं.)

आता तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा. पुरुषांना साधारण काळी १ किंवा २ (पेटीच्या काळ्या पट्ट्या), बायकांना काळी ४ किंवा ५ बरी पडते, पण जिथे गळ्याला त्रास होत नाही ती पट्टी घ्या. भूपाची ओळ हळू म्हणा. बघा, ती सारखी ग वर येऊन बसते. प घेतला तरी परत ग, ध घेतला तरी प वरून परत ग, आणि रे ला पण मान आहे, त्याच्यावर थांबता येतं. खाली ध़ पर्यंत जाऊन येते त्यामुळे शांत, गंभीर वाटतं. मग देशकार म्हणा. इथे सगळं वर सरकलं. ध वर जाऊन उभं राहायचं, ध वरून प वर यायचं आणि रे वर अजिबात रेंगाळायचं नाही, उतरताना नुसता स्पर्श करून सा वर यायचं. देशकार गाताना चुकून रे वर जरा जास्त थांबलात की भूप दारात येऊन उभा राहतो, म्हणून चांगले गायक तिथे फार जपून असतात. एकदा हा फरक गळ्यातून काढलात, भले बेसूर का असेना, की ऐकताना तो आपोआप जाणवायला लागतो, नुसतं वाचून जाणवत नाही.

ज्यांना अजून पुढे जायचंय त्यांनी मारवा, पूरिया आणि सोहनी एकापाठोपाठ ऐकावेत. तिघांत कोमल रे, तीव्र म, आणि प वर्ज्य. तरी मारव्यात रे आणि ध पुढे येतात आणि सा जवळजवळ टाळला जातो त्यामुळे एक अस्वस्थपणा राहतो, पूरिया ग आणि नि धरून खालच्या सप्तकात रमतो, सोहनी वर तार सप्तकाकडे पळते. पण हे नंतर. सुरुवातीला तीन राग एकदम घेतले की गोंधळ होतो, जोडीच बरी.

पायरी ३: प्रत्येक रागाची एकच ओळखीची फ्रेज पाठ करा

पकड म्हणतात ती हीच. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर फिरून उस्तादांकडून बंदिशी (रागात आणि तालात बांधलेल्या रचना) गोळा केल्या, लिहून ठेवल्या, दहा थाटांची व्यवस्था लावली आणि क्रमिक पुस्तकांतून ते छापून सगळ्यांना मोकळं केलं, त्यात रागाबरोबर पकड दिलेली असते. आज आपण घरी बसून हे शिकू शकतो त्याचं फार मोठं श्रेय त्यांना आहे आणि हे मराठी माणसाने विसरू नये असं मला मनापासून वाटतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्येही स्वरसमूहावरून राग ओळखा असा प्रश्न असतो, म्हणजे परीक्षेलाही याचा उपयोग आहे.

सुरुवातीला एवढ्या चार पुरेत:

यमन: नि़ रे ग, रे सा. सा सोडून नि वरून चढायचं, ही यमनची ओळख. पुढे तीव्र म येतोच पण या पहिल्या तीन स्वरांतच यमन समोर येतो.

दुर्गा: म प ध, म रे, सा. ध वरून म वर आणि म वरून रे वर यायचं, प आणि ग कडे न बघता. ग तर या रागात नाहीच.

देस: चढताना रे म प नि सां (सां म्हणजे वरच्या सप्तकातला सा), शुद्ध नि. उतरताना कोमल नि घेऊन नि ध प, ध म ग रे, आणि मग ग नि़ सा. तो 'ध म ग रे' ऐकला की पावसाळा आठवतो बऱ्याच जणांना.

मालकंस: म ग, म ध नि ध, म ग सा. ग ध नि तिन्ही कोमल, रे आणि प नाहीत, आणि सगळं म भोवती फिरतं.

रोज एक घ्या. आधी स्वरांची नावं घेऊन म्हणा, मग आकारात, म्हणजे नुसत्या 'आ' वर म्हणा, मग त्या रागाची एखादी रेकॉर्डिंग लावा आणि ती फ्रेज पहिल्यांदा कधी येते ते बघा, वेळ लिहून ठेवा. बहुतेक वेळा आलापाच्या, म्हणजे राग हळूहळू उलगडत जाण्याच्या, अगदी सुरुवातीलाच येते कारण गायक आधी रागाचं तोंड दाखवतो. मग पुढे तीच फ्रेज लांबवून येते, अर्धी येऊन थांबते, खालच्या सप्तकात येते, शेवटचा स्वर मुद्दाम राखून ठेवला जातो. इथे खरी मजा आहे. काका 'वा!' म्हणतात ते बऱ्याचदा याला, की अपेक्षा ग ची होती आणि गायकाने तो इतका उशिरा दिला की जीव टांगणीला लागला.

एक सूचना मात्र आहे. पकड पाठ झाली की काही जण आलापात सारखी पकडच म्हणत बसतात, त्याने राग शुद्ध राहतो पण गाणं होत नाही. पकड ओळख करून देण्यासाठी आहे, ओळख झाल्यावर बोलायला पण काहीतरी हवं. त्यासाठी गुरूकडे बसून आलाप ऐकणं आणि मागून म्हणणं याला पर्याय मला तरी माहीत नाही.

पायरी ४: सम आणि मुखडा

आता ताल. तीनताल घ्या, १६ मात्रा म्हणजे १६ ठोके, ४-४-४-४. पहिली मात्रा म्हणजे सम, सगळं फिरून तिथेच येतं. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात उलटा करून बाजूला. ठेका: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खालीच्या सुमाराला डग्ग्याचा घुमारा जातो, धिं चं तिं होतं, ते ऐकायचं. आकडे चुकले तरी घुमारा गेला म्हणजे खाली आली आणि परत आला म्हणजे सम जवळ आली एवढं कळतं.

बंदिशीची पहिली ओळ किंवा तिचा पहिला तुकडा, जो आपल्याला समेवर नेऊन सोडतो, तो मुखडा. मध्यलय तीनतालातल्या पुष्कळ बंदिशी खालीपासून म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात, आठ मात्रांचा मुखडा आणि मग सम. गायक मध्ये कितीही आलाप-ताना घेऊन आला तरी परत मुखडा पकडून समेवर येतो. ऐकताना काय करायचं, तर बंदिशीतला कुठला शब्द, खरं म्हणजे कुठलं अक्षर समेवर येतं ते पहिल्या दोन आवर्तनांत (आवर्तन म्हणजे समेपासून समेपर्यंतचा एक फेरा) हेरून ठेवायचं. ते एकदा कळलं की मात्रा मोजायची गरजच उरत नाही, ते अक्षर आलं की सम. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला ख्याल, ऐकताना तर हाच एक उपाय आहे कारण तिथे एक आवर्तन मिनिटभर सुद्धा चालू शकतं आणि मोजत बसलं तर गाणं ऐकायचं राहून जातं.

पायरी ५: तिहाई स्वतः बनवून बघा

मला विचाराल तर फ्रेज कळायला तिहाईइतकी सोपी आणि आनंदाची गोष्ट दुसरी नाही. एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल बरोबर समेवर पडला पाहिजे. उदाहरणाला तुकडा घेऊ 'तिट कत गदि गन धा', एका मात्रेत एक, म्हणजे पाच मात्रा. समेपासून सुरू करा:

१ तिट, २ कत, ३ गदि, ४ गन, ५ धा, ६ गप्प
७ तिट, ८ कत, ९ गदि, १० गन, ११ धा, १२ गप्प
१३ तिट, १४ कत, १५ गदि, १६ गन, आणि समेवर धा

हाताने तीनतालाच्या टाळ्या देत हे तोंडाने म्हणा. पहिला धा पाचवीवर येतो, तिथे टाळी पण आहे, त्यामुळे छान स्थिर वाटतं. दुसरा धा अकरावीवर, टाळ्यांच्या मध्येच कुठेतरी, तिथे पाय सुटल्यासारखं होतं. आणि तिसरा थेट समेवर. तुकडा तोच आहे तरी तीन वेळा तीन वेगळ्या भावना येतात कारण त्याच्याखालची जमीन बदलतेय. मधल्या गप्प मात्रेला दम म्हणतात, म्हणून ही दमदार तिहाई. दम न घेता सलग म्हणायची असेल तर ती बेदम, मग १५ मात्रा लागतात आणि ती तिसऱ्या मात्रेपासून उचलावी लागते, धा येतात ७, १२ आणि समेवर.

हिशोब साधा आहे. समेपासून समेपर्यंत बसवायची तर तुकडा गुणिले ३ अधिक दम गुणिले २ बरोबर आवर्तनाच्या मात्रा अधिक १. तीनतालात ५ चा तुकडा आणि १ चा दम, १५ अधिक २, १७. झपतालात १० मात्रा म्हणजे ११ पाहिजेत, तिथे 'गदि गन धा' हा ३ चा तुकडा आणि १ चा दम बसतो. एकतालात १२ म्हणजे १३ पाहिजेत, तोच ३ चा तुकडा घ्या आणि दम २ चा करा. रूपकात ७ म्हणजे ८, तिथे 'गन धा' आणि १ चा दम. कागद-पेन घेऊन बसा, स्वतःची एक तरी बनवा, मराठी शब्दांत बनवली तरी चालेल, 'आता तरी घरी चल बा' असं काहीही, बोल पाच मात्रांत नीट बसले म्हणजे झालं. पंडित बिरजू महाराज (१९३८–२०२२) नुसत्या आकड्यांच्या, गिनतीच्या तिहाया नाचून दाखवायचे आणि एक-दो-तीन-चार एवढ्यावर सभागृह डोक्यावर घ्यायचे.

पण हिशोब आला म्हणजे तिहाई आली असं नाही. नवीन मुलं मोजत मोजत म्हणतात आणि मग सम चेहऱ्यावरच दिसते, आली आली म्हणून. मोजणं बनवण्यापुरतं, म्हणताना तुकड्याचा आकार लक्षात ठेवायचा. यापुढे चक्रदार आहे, म्हणजे ज्या तुकड्यात आधीच तिहाई आहे तो अख्खा तुकडाच तीनदा, पण ती एकट्याने बनवायच्या भानगडीत आत्ताच पडू नका, फक्त ऐका आणि धा मोजा.

पायरी ६: कथक बघताना आधी पढंत ऐका

कथक बघणारा नवीन माणूस पायांकडे बघतो, घुंगरांकडे बघतो. चुकीचं काही नाही पण आधी तोंडाकडे बघा. नर्तक किंवा गुरू हाताने ताल देत बोल म्हणून दाखवतात ती पढंत, आणि मग तेच नाचून दाखवतात. म्हणजे एकच फ्रेज तुम्हाला आधी भाषा म्हणून मिळते आणि मग अंगातून, असा दुहेरी लाभ दुसरीकडे क्वचितच मिळतो. पढंतीत बोल कुठे मोठा होतो, कुठे सोडून दिला जातो ते ऐका आणि नाचात तिथे काय होतंय ते बघा. बहुतेक वेळा मोठ्या बोलाला मान किंवा मनगट काहीतरी करतं, नुसते पाय नाही.

सुरुवात तत्काराने करा, घरी पायाने करता येतो:

ता थेई थेई तत्: उजवा डावा उजवा डावा
आ थेई थेई तत्: डावा उजवा डावा उजवा

दुसऱ्या ओळीत 'ता' चं 'आ' झालं की पाय डाव्याने सुरू होतो. नवीन मुलींचा गोंधळ बरोबर इथेच होतो कारण चौथा डावा झाला आणि पाचवा परत डावाच. बोल तोंडाने मोठ्याने म्हटला तर चुकत नाही, मनात म्हटला तर चुकतो, हे कुठल्याही क्लासमध्ये बघायला मिळेल.

मग कार्यक्रमात काय ओळखायचं: थाट (रागाचा थाट वेगळा, हा कथकचा) म्हणजे जवळजवळ उभं राहूनच, भुवई-मान-मनगट एवढ्यावर समेला येणं. आमद म्हणजे प्रवेशाचा तुकडा. तोडे-तुकडे नृत्याच्या बोलांचे, ता थेई, तिग दा दिग दिग थेई असे. परण पखवाजाच्या बोलांची, धा किट तक धुम किट तक, जड, जमिनीवर पाय आपटून. कवित्त म्हणजे खऱ्या शब्दांची कविता तालात बांधलेली, बहुतेक कृष्ण, शंकर, गणपती यांची, आणि प्रत्येक शब्दाला हात. आणि गत, ज्यात घूंघट, मुरली, मटकी अशा एखाद्या वस्तूची चाल दाखवतात. पुण्यात गुरू रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली आणि महाराष्ट्रात कथक घराघरात पोचलं त्यात त्यांचा वाटा फार मोठा, बंदिश आणि काव्य यांचा विचार करून नाचणं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं.

ही कल्पना नवी नाही बरं का. नाट्यशास्त्रात १०८ करणं दिली आहेत आणि करणाची व्याख्याच अशी आहे की हात आणि पाय यांचा संयोग. सुटा हात नाही, सुटा पाय नाही, दोघं मिळून एक. अशी करणं जोडत जोडत अंगहार होतात, ते ३२ सांगितले आहेत. चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या गोपुरात ही करणं दगडात कोरलेली आहेत, गेलात कधी तर वेळ काढून एकेक बघा.

पायरी ७: एकच ओळ, वेगवेगळे अर्थ

सगळ्यात अवघड आणि माझी सगळ्यात आवडती पायरी. पताका मुद्रा घ्या, चारी बोटं सरळ जुळलेली आणि अंगठा किंचित वाकवून बाजूला टेकवलेला. अभिनयदर्पण या जुन्या ग्रंथात या एका हाताचे उपयोग वाचले तर ढग, अरण्य, रात्र, नदी, नको म्हणणं, अशी मोठी यादी आहे. मग प्रेक्षकाला कसं कळतं की आत्ता नदी आहे का रात्र? हात आडवा वाहत गेला आणि नजर त्याच्याबरोबर गेली तर नदी. वर धरून हळूहळू खाली आला, डोळे झाकत आले तर रात्र. म्हणजे मुद्रा हा एक शब्द झाला आणि आधी काय झालं, पुढे काय होणार, नजर कुठे आहे हे सगळं मिळून वाक्य. मुद्रांचे तक्ते पाठ करून नाच कळत नाही तो यामुळे.

आणि आता उलट बाजू. बैठकीच्या लावणीत कलावंत बसून एकच ओळ परत परत गाते आणि प्रत्येक वेळी अदा वेगळी. पहिल्यांदा तक्रार, मग लाडीगोडी, मग टोमणा, मग खरंच दुखावलेलं मन. शब्द तेच, चाल पण जवळजवळ तीच. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची यात ख्याती होती, २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कथकमध्ये ठुमरीवर बसून भाव दाखवतात तो प्रकार याच जातीचा. ज्यांना अजूनही लावणी म्हणजे नुसता नाच वाटतो त्यांनी एकदा बैठकीची लावणी शांतपणे बसून बघावी, फार मोठी विद्या आहे ती आणि तिला मिळायला हवा तेवढा मान आपण दिलेला नाही.

घरी करायचा सराव: आरशासमोर बसा, 'आलात का?' एवढंच म्हणा. एकदा काळजीने, रात्री उशीर झालाय म्हणून. एकदा रागाने. एकदा खूप दिवसांनी आवडतं माणूस आलं म्हणून. एकदा नको असलेला पाहुणा दारात आहे म्हणून. आधी आवाजात फरक करा, मग आवाज सारखाच ठेवून फक्त डोळे आणि मान वापरा, मग तोंड बंद ठेवून फक्त हात. तिसरा प्रकार जमला नाही तर निराश होऊ नका, त्याला वर्षं जातात लोकांची.

पायरी ८: मैफिलीत बसून

रेकॉर्डिंगवर कान तयार होतो, पण सम एकत्र अनुभवायची तर समोर बसायला हवं. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, डिसेंबरमध्ये असतो, पण तिथे गर्दी असते, त्यामुळे सुरुवात गावातल्या एखाद्या छोट्या घरगुती बैठकीने केलीत तर बरं. शक्य असेल तर अशा जागी बसा की तबलजीचे हात आणि गायकाचा चेहरा दोन्ही दिसतील, सम जवळ आली की दोघं एकमेकांकडे बघतात, ती नजर पकडायला शिका. मांडीवर बोटांनी टाळी-खाली धरा, आवाज होऊ देऊ नका, पुढच्याला त्रास होतो. राग ओळखायची घाई नको. पहिली पाच मिनिटं फक्त एवढंच बघा की गायक सारखा कुठल्या स्वरावर येऊन थांबतोय, आणि ती थांबायची जागा सापडली की तिच्याकडे कुठून येतोय ते बघा, राग आपोआप हाताला लागेल, आणि नाही लागला तर मध्यंतरात शेजारच्या काकांना विचारा, अशा लोकांना सांगायला फार आवडतं.

आणि दाद द्यायला संकोच करू नका. फक्त ती फ्रेज पूर्ण झाल्यावर द्या, मध्ये नको. आलापात गायकाने शेवटचा स्वर राखून ठेवलाय आणि तेवढ्यात कुणी टाळ्या वाजवल्या तर तो स्वर कुणालाच ऐकू येत नाही.